गोचिडीला तीनदा जेवायला कोण घालतं?

प्रश्न थोडक्यात असा होता: गोचिडींमुळे होणारे आजार जंगली प्राण्यांकडून येतात, मग हरणं, माकडं, उंदीर कमी केले की आजारही कमी व्हायला हवा. पण "जंगल जितकं समृद्ध, तितका आजार कमी" असंही वाचायला मिळतं. यातलं खरं काय?

दोन्ही विधानं अर्धीमुर्धी खरी आहेत, म्हणूनच दोन्हींनी घोळ होतो. माझी बरीच वर्षं रानात गोचिडी मोजण्यात गेली आहेत. त्यावरून सांगतो, "प्राणी किती" हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. गोचिडीला पोसणारा प्राणी एक असतो आणि तिच्यात रोग भरणारा बहुतेक वेळा दुसराच असतो. एकाची संख्या वाढली की गोचिडी वाढतात, दुसऱ्याची वाढली की गोचिडींमधली रोगट गोचिडींची टक्केवारी वाढते. माणसाला धोका किती, तो या दोन आकड्यांच्या गुणाकारातून निघतो. त्यातला कुठला आकडा शून्यावर आणणं शक्य आहे, हे जागेगणिक बदलतं.

त्यासाठी आधी गोचिडीचं आयुष्य समजून घेऊ. जंगलातल्या बहुतेक महत्त्वाच्या गोचिडी उभ्या आयुष्यात फक्त तीनदा जेवतात. अंड्यातून बाहेर येते ती सहा पायांची अळी, खसखशीच्या दाण्याएवढी. ती एका प्राण्यावर चढते, दोन-चार दिवस रक्त पिते, खाली पडते, पालापाचोळ्यात कात टाकते. त्यातून आठ पायांची निम्फ निघते, तिळाहून बारीक. ती दुसऱ्या प्राण्यावर जेवते, पुन्हा खाली पडते, पुन्हा कात. मग प्रौढ गोचीड तिसऱ्या प्राण्यावर. मादी आठवडाभर रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगते, जमिनीवर उतरते, हजारो अंडी घालते आणि मरते. बस्स, एवढाच संसार. यात कुठेही उडणं नाही, उडी मारणं नाही. गवताच्या टोकावर पुढचे दोन पाय पसरून ती वाट बघत बसते. त्याच पायांवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब ओळखणारं इंद्रिय असतं.

गोचिडी मोजायची आमची पद्धत अगदी साधी आहे. मीटरभराचं पांढरं फ्लॅनेल काठीला बांधायचं, झुडपांवरून आणि पाचोळ्यावरून हळूहळू ओढायचं, ठरावीक पावलांनी थांबून कापड उलटं करायचं आणि चिमट्याने एकेक उचलून बाटलीत टाकायची. नव्या माणसाला पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. त्याला मी कापड उन्हाकडे तिरपं धरायला सांगतो. मग त्या पांढऱ्यावरचे तपकिरी ठिपके चालायला लागतात. एका ओढीत सात, पुढच्या तीन ओढींत शून्य, आणि मग एका जागी अचानक दोनशे अळ्यांचा पुंजका. हा पुंजका म्हणजे तिथे काही महिन्यांपूर्वी एक फुगलेली मादी पडली होती. ती तिथेच का पडली? कारण तिला वाहून आणणारा प्राणी तिथे थांबला होता. जंगलातली गोचिडींची वाटणी ही प्राण्यांच्या थांब्यांची वाटणी असते. बाकीचा सगळा विषय या एका वाक्यातून उलगडत जातो.

आता लाइम आजार घ्या, कारण यावर सगळ्यात जास्त काम झालं आहे. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५च्या सुमारास मुलांमध्ये सांधेदुखीची साथ दिसली. १९८१ साली विली बर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या आतड्यात मळसूत्राच्या आकाराचे जिवाणू दिसले आणि पुढे त्यांचंच नाव त्या जिवाणूला मिळालं. आज त्या देशात दरवर्षी पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांवर या आजाराचे उपचार होतात, असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. रोग पसरवणाऱ्या गोचिडीला लोक "हरणगोचीड" म्हणतात आणि गैरसमजाची सुरुवात या नावापासूनच होते. प्रौढ गोचिडींचं मुख्य जेवण हरणावर होतं हे खरं. पण हरणाचं रक्त प्यालेल्या गोचिडीत तो जिवाणू जवळपास शिरतच नाही. जिवाणू भरतो तो पांढऱ्या पायांचा छोटा रानउंदीर. बाधित भागात या उंदरावर जेवलेल्या दहा अळ्यांपैकी सुमारे नऊ जिवाणू घेऊन उतरतात. अळी अंड्यातून जवळजवळ नेहमी निरोगीच निघते. तिचं पहिलं जेवण उंदरावर झालं की ती रोगट निम्फ होते, आणि ही निम्फ इतकी बारीक असते की माणसाला चावून तीन दिवस झाले तरी दिसत नाही.

म्हणजे हरीण म्हणजे प्रसूतिगृह, उंदीर म्हणजे रोगाचं कोठार. दोघांची गाठ कुठे पडते? ओकच्या झाडाखाली. ओकला दर काही वर्षांनी बियांचा महाबहर येतो. त्या शरद ऋतूत हरणं बिया खायला ओकवनात जमतात आणि त्यांच्या अंगावरच्या फुगलेल्या माद्या तिथेच गळतात. त्याच बियांवर उंदीर हिवाळा काढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांची संख्या भरमसाट होते. नेमक्या त्याच उन्हाळ्यात, त्याच झाडाखाली, त्या माद्यांच्या अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात. त्याच्या पुढच्या वर्षी रोगट निम्फ तयार. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुक इथल्या संशोधकांनी जंगलात मुद्दाम ओकच्या बिया टाकून हा धागा तपासला आणि १९९८ साली प्रसिद्ध केला. मला तो आवडतो कारण त्यात आजाराचा अंदाज दवाखान्यात नव्हे, झाडावर मोजता येतो, तोही दोन वर्षं आधी.

मग हरणं काढून टाकली तर? उत्तर किती मोठ्या तुकड्यावरून काढता यावर आहे. मेन राज्याच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या मॉन्हेगन बेटावरून १९९९ पर्यंत सगळी हरणं हटवली आणि काही वर्षांत गोचिडी जवळपास नाहीशा झाल्या. बेट असल्यामुळे बाहेरून हरीण येण्याचा प्रश्नच नव्हता. याच्या उलट इटलीच्या आल्प्समधलं उदाहरण. तिथे जंगलाचे लहान तुकडे कुंपण घालून हरणांसाठी बंद केले. अडीच हेक्टरपेक्षा लहान तुकड्यांत गोचिडी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या, कारण हरीण नसल्यामुळे निम्फ उंदरांवर चढल्या. आणि त्या भागातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचं कोठार उंदीरच आहेत. अर्धवट उपाय धोका कमी करत नाही, तो धोक्याची जागा बदलतो. हरणं थोडी कमी करून "काम झालं" म्हणणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

कॅलिफोर्नियातल्या सरड्याची गोष्ट तर याहून गमतीची. तिथे एका सरड्याच्या रक्तात असं काही असतं की लाइमचे जिवाणू असलेली निम्फ त्याच्यावर जेवली तर ती स्वच्छ होऊन उतरते. साहजिकच सगळ्यांना वाटलं, सरडा हा माणसाचा मित्र, तो गेला तर आजार वाढणार. काही संशोधकांनी ठरावीक तुकड्यांतून सरडे खरंच काढून पाहिले. निकाल २०११ साली आला: पुढच्या वर्षी रोगट निम्फ कमी निघाल्या. कारण सरडा जिवाणू मारत होता तसाच हजारो गोचिडींना जेवायलाही घालत होता. तो गेल्यावर बहुतेक अळ्या उपाशीच मेल्या. एकाच प्राण्याच्या दोन भूमिका, आणि दुसरी पहिलीपेक्षा जड निघाली. कुठल्याही प्राण्याला "चांगला" किंवा "वाईट" ठरवण्याची माझी सवय या निकालानंतर सुटली.

याच ओघात ऑपॉसमचंही सांगतो. हा पिशवीवाला प्राणी एका हंगामात हजारो गोचिडी खाऊन टाकतो, हे चित्रांसकट सगळीकडे फिरत असतं. मूळ आकडा पिंजऱ्यातल्या प्राण्यांवरून काढलेला होता. त्यांच्यावर अळ्या सोडल्या आणि खाली पडल्या नाहीत त्या खाल्ल्या असं धरलं. नंतर रानातल्या ऑपॉसमच्या पोटातलं अन्न तपासलं तेव्हा त्यात गोचीड सापडली नाही. असं चित्र पुढे पाठवण्याआधी पोट तपासावं, एवढंच म्हणेन.

शिकारी प्राण्यांबद्दलचा पुरावा मात्र मला पटण्यासारखा वाटतो. नेदरलँड्समध्ये रानात कॅमेरे लावून कोल्हे आणि मार्टेन (मुंगसाएवढा एक शिकारी प्राणी) कुठे जास्त फिरतात ते पाहिलं आणि तिथल्या उंदरांवरच्या गोचिडी मोजल्या. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की जिथे शिकारी जास्त फिरत होते तिथे उंदरांवर गोचिडी कमी होत्या, पण उंदरांची संख्या फारशी कमी नव्हती. मग फरक कशाने पडला? बहुधा भीतीने. कोल्ह्याच्या भागातला उंदीर बिळाजवळच वावरतो, धाडसी उंदीर आधी खाल्ला जातो, आणि कमी फिरणाऱ्या उंदराला कमी गोचिडी लागतात. कोल्हा किती उंदीर खातो हे मोजत बसलो असतो तर हे कधीच कळलं नसतं.

"समृद्ध जंगल, कमी आजार" या म्हणण्यामागचा तर्क असा: जंगलात नाना तऱ्हेचे प्राणी असले की अळ्यांची जेवणं वाटली जातात, बऱ्याच अळ्या अशा प्राण्यांवर जातात जे रोग भरत नाहीत, आणि रोगट निम्फचं प्रमाण विरळ होतं. जंगलाचे तुकडे पडले की मोठे शिकारी आणि नाजूक प्राणी आधी जातात, पण रोग भरणारा उंदीर तग धरून राहतो. ईशान्य अमेरिकेत लाइमच्या बाबतीत हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण हा निसर्गनियम नाही. जिथे रोगाचं कोठारच समृद्ध जंगलात राहतं, तिथे तो उलटा फिरतो. गोचिडीला पोसणारे मोठे प्राणी वाढले तर टक्केवारी घटूनही एकूण रोगट गोचिडी वाढू शकतात. माझ्या मते हा तर्क प्रत्येक ठिकाणी नव्याने तपासायची गोष्ट आहे. संवर्धनासाठी वकिली करायला जंगलाकडे याहून भक्कम कारणं आहेत.

आता माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. प्रश्नातलं "माकडं" बहुतेक इथूनच आलं असावं. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि आसपासच्या गावांत तापाचे रुग्ण दिसू लागले. आधी पीतज्वराची शंका आली. मग पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही), नवा विषाणू वेगळा केला. त्याचे नातलग रशियातल्या गोचीड-मेंदूज्वराच्या विषाणूंमध्ये निघाल्याने शंका स्थलांतरित पक्ष्यांवर गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या पुढाकाराने मोठ्या प्रमाणावर पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याचं काम सुरू झालं, त्यामागे हेही एक कारण होतं. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण भारतातल्या पक्षी-अभ्यासाला मोठी चालना मिळाली.

या आजारातली मुख्य गोचीड आहे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा. तिची तीन जेवणं बघा. अळ्या आणि निम्फ जेवतात उंदीर, खारी, जमिनीवर चरणारे पक्षी आणि वानर-माकडांवर. प्रौढ माद्या जेवतात मोठ्या जनावरांवर: गवा, सांबर, आणि जंगलात चरायला सोडलेली गुरं. गुरांच्या रक्तात हा विषाणू इतका वाढत नाही की त्यातून गोचिडी बाधित व्हाव्यात, म्हणजे गाय-बैल रोगाचं कोठार नाहीत. पण लाइममधल्या हरणाचं काम इथे गुरं करतात. जंगलाच्या कडेला रोज चरून गोठ्याकडे परतणाऱ्या गुरांबरोबर गोचिडींच्या पुढच्या पिढीचं बियाणं पायवाटेवर पेरलं जातं.

वानर आणि माकड हे मात्र लाइमच्या गोष्टीत नसलेलं तिसरं पात्र. (नाव "माकडताप", पण मेलेल्यांत काळतोंडी वानरं लाल तोंडाच्या माकडांपेक्षा बरीच जास्त सापडतात.) त्यांच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो आणि ती स्वतःच मरतात. जो प्राणी आठवड्या-दोन आठवड्यांत मरतो किंवा बरा होऊन प्रतिकारक्षम होतो, तो विषाणू वर्षानुवर्षं सांभाळू शकत नाही. ते काम गोचिडी आणि उंदीर-चिचुंद्र्यांसारखे लहान प्राणी मिळून करत असावेत. वानर करतं ते वेगळंच: ते विषाणूचा गुणाकार करतं आणि एका जागी ओततं.

मेलेलं वानर जवळून पाहिलं की हे कळतं. कानांच्या कडा, पापण्या, काखा, जिथे कातडी पातळ तिथे गोचिडी बिलगलेल्या असतात. अंग थंड पडू लागलं की त्या उतरायला लागतात. पोट भरलेल्या पाचोळ्यात शिरून कात टाकायच्या मार्गाला लागतात, अर्धपोटी असलेल्या दुसरं ऊबदार अंग शोधू शकतात. कळप ज्या झाडावर मुक्कामाला असतो त्याखाली तर जिवंतपणीच ही पेरणी चालू असते. म्हणून माकड मेलेल्या जागेभोवती पन्नास फुटांच्या परिघात मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारण्याची पद्धत पडली. ती योग्यच आहे, पण उशिरा मारली तर निम्मं काम आधीच झालेलं असतं.

हंगामही जुळून येतो. पावसाळा संपला की अळ्या दिसू लागतात, डिसेंबरपासून मेपर्यंत निम्फचं राज्य असतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत माणसं रानात असतात: सरपण, पालापाचोळा गोळा करणं, काजूच्या बिया वेचणं. गोचीड वर्षभर असते, पण माणसाला चावणारी निम्फ आणि पाचोळ्यात हात घालणारा माणूस एकाच वेळी एकाच जागी असतात ते या काळात.

जंगलाची कड हा शब्द मी मुद्दाम वापरतो. १९८२-८३ साली दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात मोठी साथ आली, ती जंगल तोडून काजूची लागवड केल्यानंतर. नंतर हा आजार बंदीपूर, निलगिरी, वायनाड असा पसरलेला दिसला, २०१५ साली गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. दाट जंगल, बागायत, घरं आणि गुरं जिथे एकमेकांत मिसळलेली आहेत, अशाच भागांत हे रुग्ण प्रामुख्याने सापडतात. आतल्या अखंड जंगलातही विषाणू असतो, पण तिथे रोज पाचोळा उचलायला कुणी जात नाही. आणि नुसत्या उघड्या माळावर ना सावली, ना ओल, ना उंदीर. गोचीड मरते ती बहुतेक वेळा शिकाऱ्यामुळे नव्हे, कोरडेपणामुळे. तिला जमिनीलगत ओलसर हवा लागते. दोन गोष्टी मिसळल्या की तिला ओल आणि जेवण दोन्ही मिळतं.

मग माकडं मारली तर? याने रोग जाणार नाही. कळप फुटतो, उरलेली वानरं नव्या भागात पांगतात आणि अंगावरच्या गोचिडी सोबत नेतात. शिवाय मेलेलं वानर हाच विषाणू जागा झाल्याचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर मिळणारा इशारा आहे. माणसांवर वापरली जाणारी जुनी लस कमी परिणामकारक ठरून २०२२ साली बंद झाली, तेव्हापासून त्या इशाऱ्याची किंमत आणखी वाढली आहे.

प्राण्यांत माणसांनी केलेली ढवळाढवळ किती आडवाटेने अंगावर येते, याचं जुनं उदाहरण १९४४ सालच्या क्रिमियाचं. युद्धामुळे शेतं ओस पडली, शिकार थांबली, सशांची पैदास वाढली, त्यांच्यावर पोसल्या जाणाऱ्या गोचिडी वाढल्या, आणि मग शेतात परतलेल्या माणसांना रक्तस्रावी तापाने गाठलं. आज त्याला क्रिमियन-काँगो ताप म्हणतात. तिथे कुणी जंगल तोडलं नव्हतं, उलट रान वाढू दिलं होतं.

एखाद्या नव्या जागी बोलावलं तर मी काय बघतो, तेही लिहितो. प्राण्यांची यादी मागत नाही. आधी विचारतो, गुरं कुठून जातात आणि कुठे बसतात. मग उंदरांची बिळं कुठे आहेत, दगडी बांध, लाकडांचा ढीग, झावळ्यांचा थर. मग वानरांची मुक्कामाची झाडं. या तिन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पहिलं कापड ओढतो, आणि तिथून शंभर पावलांवर दुसरं, तुलनेसाठी. बहुतेक वेळा धोका सगळ्या जंगलात नसतो, दोन-चार ठिकाणी एकवटलेला असतो. ती ठिकाणं गुरांसाठी निम्फच्या हंगामात बंद करणं, गुरांवर गोचीडनाशक वेळेवर मारणं आणि सरपणाची वाट पन्नास पावलं बाजूला नेणं हे माकडं पकडण्यापेक्षा कितीतरी सोपं आहे. रानात जाणाऱ्याने अंगभर कपडे घालावेत, हातापायांना गोचीड पळवणारं तेल लावावं, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नये, काठीनेही हलवू नये, जागा लक्षात ठेवून त्याच दिवशी आरोग्य किंवा वनखात्याला कळवावं. आणि तोवर त्या झाडाखालून गुरं नेऊ नयेत.